माझा टीएसएच नॉर्मल होता

दोन वर्षांत तीन वेळा माझी थायरॉइडची तपासणी झाली आणि तिन्ही वेळा टीएसएच नॉर्मल आला. तिन्ही वेळा डॉक्टरांनी कागद माझ्या हातात परत दिला, आणि तिन्ही वेळा मी भिलाईतल्या पावर हाउसच्या बाजारातून कोहक्यातल्या घरापर्यंत ऑटोत डुलक्या घेत आले. असाच कागद हातात असलेल्या, पण अंग काही वेगळंच सांगत असलेल्या माणसांसाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. पण माझ्या रक्ताचे आकडे कसे वाचायचे, हे आता मला पक्कं माहीत आहे, आणि ते शिकताना मी मरता मरता वाचले आहे.

मे महिन्यातला स्वेटर

माझं नाव वंदना. माहेर तुमसरचं. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा सासूलाच आई मानायचं असं ठरवून आले होते. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्याचे सासरे भंडारा जिल्ह्यातून इथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, मजुरीला आले, आणि माझा नवरा दिलीप आता तिथल्याच रोलिंग मिलमध्ये फिटर आहे. आम्हाला एकच मुलगी, प्रज्ञा. ती पाच वर्षांची असताना मी पावर हाउसच्या बाजारात एक गाळा घेतला, दोन मशिनी टाकल्या आणि प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टरांतल्या शाळांचे युनिफॉर्म शिवायला लागले. काज-बटण करायला शकुन नावाची एक छत्तीसगढी बाई येत असे, ती अजूनही आहे.

आजार कधी सुरू झाला ते मला सांगता येत नाही. तो आलाच इतका हळू की मी त्याला माझा स्वभाव समजले. आधी कामाचा वेग गेला. एका दिवसात आठ ट्यूनिक शिवणारी मी तीनवर आले. मग थंडी. भिलाईचा मे महिना कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि त्या मे महिन्यात मी स्वेटर घालून मशीनवर बसायचे. गिऱ्हाईक बाया माझ्याकडे पाहायच्या, मग एकमेकींकडे पाहायच्या. आवाज जाडा झाला. फोनवर एक-दोघींनी मला "भैया" म्हटलं. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होत होत गेली. चेहरा पिवळट, कागदासारखा, आणि तोंडाभोवती बारीक सुरकुत्या. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते.

सगळ्यांत वाईट होती झोप. पायडलवर पाय ठेवून मी झोपून जायचे. एकदा सुई बोटातून आरपार गेली आणि मला ते कळायलाही थोडा वेळ लागला. शकुननं बोट सोडवलं, हळद लावली आणि त्या दिवसापासून ती माझ्यासमोर बसून काम करायला लागली, म्हणजे माझी मान खाली गेली की तिला दिसावं.

घरी आत्याचा जीव कावला होता. तिनं आयुष्यभर पहाटे उठून डबे केले होते. माझं उठणं साडेसातवर गेलं होतं. ती शिव्या देत नसे, पण भांडी आपटायची. शेजारणीला सांगायची की आमच्या सुनेला बसल्या जागी झोप लागते. आणि फार चिडली की एक जुनी गोष्ट काढायची: या बाईनं लेकराला अंगावरसुद्धा पाजलं नाही. पोरगी डब्याच्या दुधावर वाढली.

ते खरं होतं. मला दूध आलंच नव्हतं. आठ वर्षं मी ते ऐकत होते, आणि त्यात माझीच काही चूक असावी असं मलाही वाटायचं.

नॉर्मल

पहिल्यांदा मी स्वतःच डॉक्टरकडे गेले. त्यांनी माझा चेहरा पाहिला, थकवा आणि थंडी ऐकली आणि लगेच म्हणाले, थायरॉइड वाटतोय, टीएसएच करून घ्या. मला बरं वाटलं. माझ्या ओळखीतल्या निदान पाच बाया थायरॉइडची गोळी घेत होत्या आणि धडधाकट होत्या. आपल्यालाही एक गोळी मिळेल आणि हे सगळं संपेल, असं मनात धरून मी रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीएसएच २.४, आणि बाजूला छापलेल्या हद्दीच्या अगदी मधोमध. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड उत्तम आहे, लोहाच्या गोळ्या घ्या.

दुसऱ्यांदा एका आरोग्य शिबिरात, तिसऱ्यांदा आणखी एका डॉक्टरकडे. दर वेळी फक्त टीएसएच, दर वेळी नॉर्मल. तिसऱ्या डॉक्टरांनी बराच वेळ माझ्याशी गोड बोलून मला उदासीवरची गोळी लिहून दिली. त्यांचा हेतू चांगला होता. त्या गोळीनं मी आणखी झोपायला लागले.

मला कोणाचा राग करायचा नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. या तिघांपैकी कोणीही मला पाळीबद्दल विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. प्रज्ञा झाल्यापासून मला पाळी आलेली नव्हती. एकदाही नाही. दिलीपला माहीत होतं. आत्याला नव्हतं, कारण तिला नातू हवा होता आणि मी हे सांगितलं असतं तर घरात रडारड झाली असती. सुरुवातीला मी समजत होते की अशक्तपणामुळे असेल, येईल. मग वर्षं गेली आणि लाज वाटायला लागली. मग सवय झाली. पाळी नसणं ही सोयीची गोष्ट आहे, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं.

नॉर्मल रिपोर्टचा सगळ्यांत मोठा त्रास हा, की त्यानंतर आपली बाजू घ्यायला आपल्याकडे काहीच उरत नाही. दिलीप चांगला माणूस आहे, पण तिसऱ्या रिपोर्टनंतर तोही गप्प झाला. सकाळची ए शिफ्ट करून दुपारी घरी यायचा, मी झोपलेली असायचे, तो स्वतःच ताट वाढून घ्यायचा. एकदा फक्त म्हणाला, "वंदना, तुले दुकान नसन जमत तं बंद करू. पण काही तं सांग." कागदावर मी ठणठणीत होते.

अर्धं बरोबर

चौथा डॉक्टर आमच्याच भागात नवीन आला होता. त्यानं माझा आवाज ऐकला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली आणि म्हणाला, मला तुमचा टीएसएच नको, पूर्ण प्रोफाइल पाहिजे. म्हणजे टीएसएचबरोबर फ्री टी-फोर, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जो हार्मोन बनवते तो रक्तात प्रत्यक्ष किती आहे ते.

रिपोर्ट आला तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या नावापुढे एक ठळक अक्षरातला आकडा पाहिला. टीएसएच पुन्हा हद्दीतच होता. पण फ्री टी-फोर ०.३, आणि तो निदान ०.८ तरी असायला हवा होता. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. आनंदानं रडले, हे आता सांगायला विचित्र वाटतं. दोन वर्षांनी कोणीतरी कागदावर लिहून दिलं होतं की मी आळशी नाही.

डॉक्टरनं थायरॉइडची गोळी सुरू केली. सकाळी उपाशीपोटी, शंभर मायक्रोग्रॅम, पहिल्याच दिवसापासून.

तीन-चार दिवस मला हुशारी वाटली. पाचव्या दिवशी मळमळ सुरू झाली. सातव्या दिवशी उलट्या. मला वाटलं गोळी अंगाला लागेपर्यंत असं होत असेल, म्हणून मी ती नेमानं घेत राहिले. नवव्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उघडायला वाकले आणि तशीच खाली बसले. शकुन सांगते की मी तिला ओळखलं नाही. तिनं दोन ऑटोवाल्यांना हाक मारली, मला उचलून घेतलं आणि दिलीपला फोन लावला. प्लांटच्या आत फोन लागत नव्हता, म्हणून तिनं आत्याला लावला.

डिलिव्हरी कशी झाली होती

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. दंडाला बांधलेला पट्टा दाबत होता आणि कोणीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होतं, सत्तर, वरचं बीपी सत्तर. सलाइन. रक्तातलं मीठ आणि साखर दोन्ही खाली गेली होती. वॉर्डात ऊन आलेलं होतं, म्हणजे दुपार असावी.

तिथल्या मेडिसिनच्या डॉक्टर मॅडम चाळिशीच्या असतील. नागपूरला शिकलेल्या, म्हणून आत्याशी मराठीत बोलत होत्या. आत्यानं माझे सगळे कागद एका पिशवीत घालून आणले होते, बिछान्याखालचे जुने रिपोर्टसुद्धा. मॅडमनी ते सगळे खाटेच्या पायथ्याशी एका ओळीत मांडले. बराच वेळ पाहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला थायरॉइडसाठी कोणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी विचारलं, लेकरं किती आणि डिलिव्हरी कशी झाली होती.

"एकच पोरगी," आत्या म्हणाली. "डिलिव्हरी लय वाईट झाली. हिचं रक्त थांबतच नव्हतं. चार बाटल्या चढवल्या. आमी तं हिची आशा सोडली होती."

"बाळाला दूध पाजलं होतं?"

मी डोळे मिटून पडले होते आणि मला वाटलं, आता इथेही ती तेच सांगणार.

"नाई," ती हळू म्हणाली. "हिले दूध उतरलंच नाई."

"आणि पाळी?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं असावं. मी डोळे उघडले. दिलीप दारातून आत येत होता, अंगावर प्लांटचाच पोशाख, हातात हेल्मेट. मी सगळ्यांसमोर सांगितलं की तेव्हापासून एकदाही आलेली नाही.

मॅडमनी माझा हात वर करून काखेत केस उरले आहेत का ते पाहिलं, अंगठ्यानं भुवई चाचपली आणि नर्सला हाक मारली. आधी रक्त काढा, मग लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या, म्हणाल्या. रिपोर्टची वाट पाहायची नाही.

वरची ग्रंथी

त्यांनी त्या संध्याकाळी आम्हा तिघांना जे समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते. चुकलं तर चूक माझी.

थायरॉइड ग्रंथी गळ्यात असते, पण ती आपल्या मर्जीनं काम करत नाही. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, पिट्युटरी. ती वरून हुकूम सोडते. त्या हुकमाचं नाव टीएसएच. थायरॉइड थकली की टी-फोर कमी होतो, आणि मग वरची ग्रंथी जोरात हुकूम सोडायला लागते, म्हणून टीएसएच वाढतो. बहुतेक लोकांचा आजार असाच असतो, आणि म्हणून नुसता टीएसएच पाहिला तरी तो पकडला जातो. माझं तसं नव्हतं. बाळंतपणात इतकं रक्त गेलं की वरच्या ग्रंथीलाच रक्त पोहोचलं नाही आणि तिचा बराचसा भाग मेला. टी-फोर तळाला गेला तरी हुकूम वाढवायला वर कोणी नव्हतंच. टीएसएच २.४ हा आकडा एकटा पाहिला तर चांगला. ०.३ च्या टी-फोरशेजारी तसाच हद्दीतला आकडा ओरडून सांगत होता की बिघाड वर आहे.

दिलीप इतका वेळ हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत होता. तो म्हणाला, "म्हणजे मशीन बराबर आहे. कंट्रोल रूममधून सिग्नलच नाई येऊन राहिला." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, अगदी हेच.

आणि ती वरची ग्रंथी फक्त थायरॉइडला हुकूम देत नाही. पाळी तिच्याच हातात, रक्तदाब आणि साखर सांभाळणारा कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन, ज्याचं इंजेक्शन मला दिलं तो, तिच्या हातात, आणि आईचं दूधही तिच्याच हातात. थायरॉइडच्या गोळीनं माझ्या शरीराचा वेग वाढवला, आणि अंगात जे चिमूटभर कॉर्टिसॉल उरलं होतं ते त्यात संपून गेलं. गोळी बरोबर होती. फक्त ती नंतर द्यायची होती, आधी कॉर्टिसॉलची. चौथ्या डॉक्टरानं टी-फोर पाहिला, पण टीएसएच का वाढला नाही हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. पुढे दिलीपला त्याच्याकडे जाऊन भांडायचं होतं. मी त्याला म्हटलं की भांडू नका, माझे सगळे कागद त्याला दाखवून या. दिलीप गेला. त्या डॉक्टरनं ते कागद दोनदा वाचले आणि फोटो काढू का, असं विचारलं. दिलीप न भांडता परत आला.

सात दिवस

इस्पितळातला दिवस पहाटे रक्त घेण्यानं सुरू व्हायचा. मग चहा, मग बीपीची मोजणी, मग मॅडमचा राउंड. आम्ही आठ बाया होतो वॉर्डात. दुसऱ्या इंजेक्शननंतर, म्हणजे चोवीस तासांच्या आतच, मला भूक लागली. अशी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. मी आत्याला म्हटलं, मले मिरचीची भजी पाहिजे. तिला वाटलं मी तापात बरळते आहे. मग ती बाहेर जाऊन घेऊन आली, नर्सची परवानगी काढली, आणि मी खाटेवर बसून चार भजी खाल्ली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी छत्तीसगढीत म्हणाली, "अब नई मरय ये हा," म्हणजे आता ही काही मरत नाही. तिच्या बोलण्यावर सगळा वॉर्ड हसला. मला मात्र ते मॅडमच्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त पटलं.

कॉर्टिसॉलचा रिपोर्ट आला, तो जवळजवळ शून्यच होता. रायपूरला नेऊन डोक्याचा एमआरआय केला, त्यात ग्रंथीची जागा जवळपास रिकामी दिसली. घाबरायचं ते मी त्या मशीनच्या आत, त्या ठोक्यांमध्ये, एकटी असताना घाबरून घेतलं. रिपोर्ट ऐकल्यावर मला वाटलं की डोक्यात काही रिकामं आहे म्हटल्यावर माणूस वेडा होत असेल. मी मॅडमना पहिलं हेच विचारलं. नाही, असं काही होत नाही.

थायरॉइडची गोळी पुन्हा सुरू केली ती सहाव्या दिवशी, आणि अगदी पाव डोसानं. मी ती तोंडात टाकताना मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. काही झालं नाही.

आत्या

ते सात दिवस आत्या माझ्याजवळच होती. आणि जवळजवळ काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं मला भांड्यांच्या आवाजापेक्षा जड जात होतं. प्रज्ञा शाळेतून सरळ इस्पितळात यायची, दोघींच्या मध्ये बसून गृहपाठ करायची आणि बापाबरोबर घरी जायची.

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या माझ्या केसांना तेल लावत होती. केस हातात येत होते, ती ते गोळा करून मुठीत ठेवत होती. मागे बसून बोलणं तिला सोपं गेलं असावं.

"आठ वर्षं मी तुले दुधावरून बोलली," ती म्हणाली. "लोकांजवळ बोलली. अन् मलेच सगळं माहीत होतं. रक्त जाताना मीच पाहिलं. दूध नाई उतरलं ते बी मीच पाहिलं. दोनी मी पाहिलं, अन् जोडलं नाई."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी नाई जोडलं, आत्या. तुमी कुठून जोडसान."

"डॉक्टर घरात नव्हते," ती म्हणाली.

पुढे ती रडली नाही आणि माफीही मागितली नाही. तेल लावून झालं, तिनं वेणी घातली, हात धुऊन आली आणि मला विचारलं की गोळ्या किती आणि कधी कधी घ्यायच्या. मी सांगितलं: सकाळी उठल्याबरोबर कॉर्टिसॉलची एक आणि थायरॉइडची एक, दुपारी कॉर्टिसॉलची अर्धी. तिला वाचता येत नाही. तिनं गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून रंग पाहून घेतले आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शेजारणीला तिनं स्वतः काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. पण आम्ही घरी आलो तेव्हा ती शेजारीण वरण-भात घेऊन आली आणि माझ्या पायाशी बसली.

जे परत आलं नाही

सगळं परत आलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

आवाज दोन महिन्यांत आला. थंडी गेली. चेहऱ्यावर रंग आला, भुवया आल्या. पुढच्या जूनला आम्ही शाळा उघडण्याआधी सगळी ऑर्डर पुरी केली आणि शकुननं मला न विचारता आपली खुर्ची पुन्हा खिडकीजवळ नेली.

पण दुसरं मूल होणं कठीण आहे, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. इंजेक्शनं असतात, मोठ्या शहरात उपचार असतात, भरवसा नसतो. मी आणि दिलीप त्यावर एक रविवारभर बोललो. लग्नानंतर इतकं लांब आम्ही कधीच बोललो नव्हतो. त्यात हेही आलं की ही सगळी वर्षं मी त्याच्याजवळ जात नव्हते आणि त्यानं त्याचा अर्थ भलताच लावला होता. त्याला वाटत होतं मला तो नकोसा झाला आहे. ज्या ग्रंथीनं पाळी थांबवली तिनंच ती इच्छाही थांबवली होती, हे मला मॅडमकडून कळलं होतं, पण त्याला सांगायला लाज वाटत होती. सांगितल्यावर तो मग म्हणाला, आधी बोलली असतीस तर बरं झालं असतं. मी म्हटलं, तुम्ही विचारलं असतं तरी बरं झालं असतं. दोघांचंही खरं होतं. आम्ही एकाच मुलीवर थांबायचं ठरवलं. त्याचं दुःख मला अधूनमधून होतं, आणि होत राहील.

गोळ्या आयुष्यभर आहेत. ताप आला तर कॉर्टिसॉलची गोळी दुप्पट करायची, आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी न थांबता इंजेक्शन घ्यायला जायचं. हे मी, दिलीप आणि दहा वर्षांची प्रज्ञा, तिघांना तोंडपाठ आहे. माझ्या पर्समध्ये एक कार्ड आहे, त्यावर मराठी आणि हिंदीत हेच लिहिलं आहे.

०.०५

गेल्या हिवाळ्यात मॅडम रजेवर होत्या आणि माझी सहामाही तपासणी त्यांच्या जागी बसलेल्या एका तरुण डॉक्टरांनी पाहिली. लॅबवाल्यानं सवयीनं टीएसएचही केला होता. तो आला ०.०५. कागदावर लाल.

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, गोळी फार जास्त होतेय, हृदयावर ताण येईल, हाडं झिजतील, आजपासून निम्मी करा. आणि लिहायला लागले.

पूर्वीची मी असते तर चिठ्ठी घेऊन उठले असते. डॉक्टर माणूस, हातात पेन, समोर लाल आकडा. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "सर, माझा टीएसएच पाहू नका. तो खाली दबणारच, वरची ग्रंथीच नाही. माझा फ्री टी-फोर पाहा. तो १.३ आहे, आणि सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त दिलं आहे."

ते लिहायचे थांबले. त्यांनी मला विचारलं, तुम्ही नर्स आहात का. मी सांगितलं की मी युनिफॉर्म शिवते.

मी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, मग रिपोर्ट पुन्हा पाहिला, या वेळी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून. माझी नाडी मोजली, हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का ते पाहिलं. बोटं स्थिर होती. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि जुनाच डोस पुन्हा लिहिला.

मला वाटलं एवढ्यावर झालं. पण बाहेर रांग असतानाही त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली, कोरं पान उघडलं आणि म्हणाले की अशी पेशंट मी पुस्तकातच वाचली होती, समोर आलेली ओळखली नसती. तुमची हरकत नसेल तर पहिल्यापासून सांगाल का, कोणी काय विचारायला हवं होतं ते.

दुकानात शकुन एकटी होती आणि मला उशीर झाला होता. मी पर्स मांडीवर ठेवली, पाठ टेकून बसले आणि सांगायला सुरुवात केली.